साखरप्याचा हिरवा ठिपका

"वहिनी, आज साहेब नाहीत का?"

घाटमाथ्यावरच्या आंबा गावात हॉटेलवाल्यानं विचारलं आणि "ते बंगळूरला गेलेत" असं सांगायला मी तोंड उघडलं. पण तो माझ्याकडं बघतच नव्हता. तो बघत होता वीरश्रीकडं.

"मी नव्हे ओ दत्ताभाऊ," वीरश्री म्हणाली. "वहिनी या. पद्मजावहिनी. अभिनंदनच्या मिसेस."

दत्ताभाऊंनी जीभ चावली आणि दोन्ही हात जोडले. "चुकलं बघा. तुम्ही दोघं नेहमी येता नव्हं, मला वाटलं..." काय वाटलं ते त्यांनी पुरं केलं नाही. चूक निस्तरायला म्हणून आत गेले आणि भज्यांची बशी घेऊन आले. "साहेबांची आवडती. इथं आले की पहिली कांदाभजी लागतेच."

मी त्या बशीकडं बघत राहिले. आमच्या सांगलीच्या जैन घरात कांदा येत नाही. सासूबाई त्या बाबतीत कडक आहेत, आणि अभिनंदनला मी दुसऱ्यांच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा ताटातला कांदा बोटानं कडेला सारतानाच पाहिलं होतं.

"घ्या की," वीरश्री म्हणाली.

"मला नको."

तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि बशी आपल्याकडं ओढून घेतली. बाहेर माझ्या भूपालमामांची पांढरी विजेची गाडी अभिनंदनच्या कंपनीच्या चार्जरला लावली होती. चार्जर व्यवस्थित चालू होता, पडद्यावर आकडे चढत होते. खरं तर तेवढंच बघायला मी सांगलीहून आले होते. पण त्या घटकेला मला त्या आकड्यांचं काही सोयरसुतक नव्हतं. माझा नवरा या टेबलाशी बसून, या बाईसमोर कांदाभजी खातो, एवढंच डोक्यात घुमत होतं.

याला आता चार वर्षं होऊन गेली.

अभिनंदननं चांगली नोकरी सोडून इलेक्ट्रिक गाड्यांची चार्जिंग केंद्रं उभारायची कंपनी काढली, तेव्हा सोबत वीरश्री साळोखे होती. दोघं इंजिनीअरिंग कॉलेजात एका वर्गात. ती कोल्हापूरची, लग्न केलेलं नाही, विजेच्या कामात हुशार. हॉटेलवाले, पेट्रोलपंपवाले, जागामालक यांना पटवायचं काम त्याचं, आणि मशीन बसवून चालतं ठेवायचं काम तिचं. त्यामुळं घाटात, कोकणात, निपाणीच्या बाजूला, दोघं कायम एका गाडीत. कधी कधी मुक्काम. फोन केला तर "रेंज नाही" किंवा मागं तिचं हसणं.

ती त्याला "अरे अभि" म्हणायची. मी घरात सगळ्यांसमोर "अहो" म्हणणारी, आणि सवय अशी लागली की कुणी नसतानाही "अहो"च. तिच्या तोंडचं ते "अरे" ऐकलं की मी हातातलं काम थांबवून पुढचं कान देऊन ऐकायचे. पहिल्या केंद्राच्या उद्घाटनाचा फोटो पेपरात आला होता. दोघं डोक्यावर हेल्मेट घालून मशीनच्या दोन बाजूंना उभे, आणि खाली आमच्या आडनावानं छापलेलं, 'मगदूम दांपत्याचा अभिनव उपक्रम'. अभिनंदननं तो पेपर हसत हसत सगळ्यांना दाखवला. मीही हसले. माझ्याइतकं तर कुणीच हसलं नसेल.

मी स्वतः सी.ए. सांगलीत माझं छोटं ऑफिस आहे. म्हणूनच भूपालमामांनी मला बोलावलं. हे माझे सख्खे मामा, इचलकरंजीचे सुताचे व्यापारी. ते आणि त्यांचे तीन-चार मित्र मिळून अभिनंदनच्या कंपनीत मोठी रक्कम घालणार होते. गुंतवणूकदारांसाठी कंपनीनं एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका काढली होती. ती त्यांनी माझ्यापुढं टाकली.

"यात म्हटलंय की अकरा केंद्रं आहेत आणि अकराच्या अकरा चालू आहेत. जाऊन बघून ये."

"मामा, मी त्यांची बायको आहे. मी तपासून काय उपयोग? तुमचे मित्र काय म्हणतील? बाहेरचा माणूस नेमा."

"बाहेरचा नेमला की जावयाचा अपमान. सगळ्या इचलकरंजीत बोंब होईल की भूपालचा जावयावर भरवसा नाही. तू जा. तू मला खोटं सांगणार नाहीस." मग थोडं थांबून म्हणाले, "माझी नवी गाडी घेऊन जा. तीपण विजेचीच आहे. घरबसल्या कागद नको बघू, गाडी लावूनच बघ."

अभिनंदनला हे मी सांगितलं तेव्हा तो हसला. "तू घरचीच. तुला काय बघायचंय? हवं तर पुढच्या आठवड्यात मीच नेतो." दुसऱ्या दिवशी तो बंगळूरला गेला, तिथल्या कुणा गुंतवणूकदारांना भेटायला. तो गेला आणि मी वीरश्रीला फोन केला. मला केंद्रं बघायची होती हे खरं. पण त्याहून जास्त मला ती बघायची होती. तो सोबत नसताना, दिवसभर, जवळून.

"मला चार्जर बघायचेत," मी म्हटलं. "तुम्ही याल बरोबर?"

मग तिनं विचारलं, "अभिनंदनला माहीत आहे?"

"असायला हवं का?"

"नको," ती म्हणाली. "येते मी. कोल्हापुरात रंकाळ्यापाशी थांबते."

केर्लीचं केंद्र चालू होतं. मलकापूरचं चालू होतं. दोन्हीकडं मी गाडी लावून बघितली, हॉटेलमालकांशी बोलले, करार पाहिले. सगळं चोख. वीरश्री फार बोलत नव्हती. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. एका ठिकाणी तिनं मशीनचं दार उघडलं, आत वाकून काहीतरी घट्ट केलं आणि ओढणीला हात पुसत परत गाडीत बसली. मी तिच्या हातांकडं बघत होते. नखं कापलेली, मनगटावर भाजल्याचा जुना डाग. या हातांत काय असेल असं मी शोधत होते, आणि काही सापडत नव्हतं, म्हणून आणखी चिडत होते.

तिसरं आंब्याचं. तेही चालू. आणि तिथंच दत्ताभाऊंनी तिला वहिनी म्हटलं.

गाडी पूर्ण भरून आम्ही निघालो. घाट उतरताना खाली कोकण दिसायला लागलं. एका वळणावर गाडी कडेला घेऊन मी पुस्तिका उघडली. "पुढचं साखरपा. हो ना?"

"हो."

"तिथं किती वेळ लागेल?"

तिनं समोरच्या रस्त्यावरची नजर काढली नाही. "ते तुम्हीच बघा," ती म्हणाली.

साखरप्याला रस्त्याकडेला शेट्येंचं हॉटेल आहे. मोबाईलवरच्या कंपनीच्या नकाशात तिथं हिरवा ठिपका होता. हिरवा म्हणजे चालू. आम्ही पोचलो तर अंगणात मशीन होतं खरं, पण त्याच्यावर निळी ताडपत्री दोरीनं आवळून बांधली होती. ताडपत्रीवर कोंबड्यांची शीट. मी खाली उतरून ताडपत्रीचं टोक उचललं. मशीनला केबल होती, पण मशीनपर्यंत वीज आणणारी काहीच जोडणी नव्हती. भिंतीतून नुसता एक पाइप बाहेर आला होता, तोंडाला चिंधी कोंबलेला.

तेवढ्यात मागून एक लहान निळी गाडी अगदी मुंगीच्या पावलानं अंगणात शिरली. विजेचीच. चाळिशीचा एक माणूस उतरला, मशीनकडं बघितलं, ताडपत्रीकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"बंद आहे?" त्यानं मला विचारलं. मीच कुणी मालक असल्यासारखं.

शेट्ये आतून धावत आले. "अहो, कधी चालूच नव्हता तो! मी किती वेळा सांगितलं कंपनीला, माझ्या हॉटेलचं नाव काढा नकाशावरनं. लोक येतात, माझ्याशी भांडतात, जातात." मग त्यांना वीरश्री दिसली आणि त्यांचा आवाज उतरला. "तुम्हाला नाही बोलत मॅडम. तुम्ही तरी काय करणार."

गाडीच्या मागच्या सीटवर एक वृद्ध गृहस्थ उशीला टेकून बसले होते. शेजारी त्यांची सून, त्यांच्या छातीवर हात ठेवून. चेहरा राखेसारखा झाला होता त्यांचा.

हे रत्नागिरीचे पावसकर. वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन कोल्हापूरला ठरलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी. संध्याकाळपर्यंत दाखल व्हायला सांगितलं होतं. "रात्रभर आमच्याकडं लाइट नव्हती," मुलगा सांगत होता, "गाडी चार्ज झाली नाही. म्हटलं, रस्त्यात एवढी केंद्रं दाखवतायत. पालीला थांबलो, तर तिथं नुसता सिमेंटचा कट्टा. हिरवा रंग देऊन ठेवलाय. म्हटलं साखरप्याला असेल. इथं ही ताडपत्री. आता ही गाडी घाट कशी चढणार?"

शेट्येंनी दोन-तीन ठिकाणी फोन लावले. लग्नसराई होती, एकही गाडी मोकळी नव्हती. संध्याकाळी देतो म्हणाले.

मी वीरश्रीकडं बघितलं. तिनं ओठ घट्ट मिटले होते. ती काही म्हणायच्या आत मी पर्समधून मामांच्या गाडीची किल्ली काढली.

"आमची गाडी घेऊन जा. पूर्ण चार्ज आहे. कोल्हापूर आरामात होईल."

पावसकर माझ्याकडं बघतच राहिले. "अहो, ओळख ना पाळख. गाडी कशी देताय?"

"ही कंपनी माझ्या नवऱ्याची आहे," मी म्हणाले.

ते वाक्य मी पूर्वी किती तरी वेळा म्हटलं होतं. लग्नात, हळदीकुंकवात, क्लायंटसमोर. दर वेळी मान जरा उंच करून. त्या दिवशी ते म्हणताना मला वाटलं, हा माणूस आता मला काहीतरी बोलणार आहे, आणि मला ते ऐकून घ्यावं लागणार आहे. पण तो काही बोलला नाही. त्यानं किल्ली घेतली, वडिलांना धरून आमच्या गाडीत बसवलं. त्याची बायको तेवढी जाता जाता थांबली. "तुमच्या मिस्टरांना एकदा माझ्या सासऱ्यांचा चेहरा दाखवायला हवा होता," ती म्हणाली आणि गेली.

त्यांची रिकामी गाडी आमच्याकडं राहिली. वीरश्रीनं तिच्या डिकीतून घरच्या प्लगला लावायची साधी केबल काढली आणि शेट्येंच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजचा प्लग काढून तिथं लावली. "अशी हळूहळू भरेल. आंब्यापर्यंत चढण्यापुरती झाली की निघू. दुपार जाईल सगळी."

म्हणून आम्ही दोघी साखरप्याच्या त्या हॉटेलात अडकलो. फणसाच्या झाडाखाली एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. शेट्येंनी न विचारता आमसुलाचं सरबत आणून ठेवलं.

"पुढं आणखी किती अशी?" मी विचारलं.

"पाच चालतात. बाकीची अशीच. कुठं मशीन आहे, वीज नाही. कुठं नुसता कट्टा."

"आणि नकाशावर सगळी हिरवी."

"मी करायला नाही म्हटलं. मग अभिनंदननं पुण्यातल्या एकाकडून करून घेतलं." तिनं ग्लास टेबलावर ठेवला. "मी मागच्या महिन्यातच राजीनामा दिलाय. तो म्हणतो, मामांचे पैसे येईपर्यंत कुणाला सांगू नको."

माझं डोकं कामाला लागायला हवं होतं. मामा, त्यांचे मित्र, पुस्तिका, फसवणूक. मी तेच काम करते ना आयुष्यभर. पण माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"तुमचं आणि त्यांचं काय आहे?"

ती चिडली नाही. हसलीही नाही. "मला वाटलंच होतं, तुम्ही चार्जर बघायला आला नाही म्हणून."

"उत्तर द्या."

"काही नाही. कधी नव्हतं. असतं तर मी आज तुमच्याबरोबर आले असते का, वहिनी?" तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "तुम्ही मला घरी कधी आत बोलवलं नाही. दारातनंच फाइल घ्यायचा. मी तुम्हाला सांगितलं असतं की नवरा खोटं बोलतोय, तर तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला असता? म्हणून म्हटलं, यांना यांच्या डोळ्यांनीच बघू दे."

मला हायसं वाटायला हवं होतं. तिच्या आवाजात खोट नव्हती, हे मला कळत होतं. माणसं कधी लपवतात आणि कधी नाही, हे ओळखण्यावरच माझं पोट चालतं.

"मग त्यांना हे सगळं बरोबर वाटतं?" मी विचारलं. "काहीच वाटत नाही त्यांना?"

"वाटतं की. इथंच रडला तो. याच टेबलाशी." तिनं सहज सांगितलं. "राजीनामा दिला त्या दिवशी. लहान पोरासारखा रडला. म्हणाला, सगळं हाताबाहेर गेलंय, झोप लागत नाही, पद्मजाला कसं सांगू कळत नाही."

मी सरबताचा ग्लास बाजूला सारला.

माझे सासरे गेले तेव्हा अभिनंदन रडला नव्हता. आमचं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हाही नाही. त्या वेळी तो माझ्या उशाशी बसून होता आणि मी त्याच्या कोरड्या डोळ्यांकडं बघत विचार करत होते, हा माणूस असाच आहे, आतल्या आत सोसणारा. आणि तो माणूस इथं, फणसाखाली, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हिच्यासमोर रडला.

रोज रात्री जेवताना तो मला कंपनीचं सांगायचा. अकरा केंद्रं. सगळी चालू. सुट्टीत रांगा लागतात. मी खूष व्हायचे. त्या पुस्तिकेत जे छापलं होतं ते मी शब्दन् शब्द आधीच ऐकलेलं होतं, आमच्या ताटावर. म्हणजे भूपालमामा, बंगळूरचे लोक आणि मी. आम्ही सगळे एका रांगेत. खरं काय ते फक्त हिला.

त्या दोघांचं काही असतं तर बरं झालं असतं, असं माझ्या मनात आलं. अगदी स्पष्ट आलं. ते मी समजू शकले असते. त्यावर मी भांडू शकले असते.

"तुम्ही काय केलंत?" मी विचारलं. "ते रडले तेव्हा?"

"काय करणार? बसले होते समोर. झाल्यावर पाणी दिलं."

मला तिच्या त्या पाण्याच्या ग्लासाचा इतका हेवा वाटला की मी उठून अंगणात गेले आणि पावसकरांच्या गाडीपाशी जाऊन उगाच केबलकडं बघत उभी राहिले.

ऊन कलल्यावर आम्ही निघालो. आंब्याला परत चार्ज केलं, कोल्हापुरात हॉस्पिटलच्या आवारात गाड्या बदलल्या. पावसकर म्हणाले, बाबा दाखल झाले, डॉक्टर बघून गेले. वीरश्री रंकाळ्यापाशी उतरली. मी तिला "या कधीतरी घरी" म्हटलं नाही. खोटं बोलायची माझी त्या दिवशी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिनंदन बंगळूरच्या बसनं आला. सासूबाई मंदिरात गेल्या होत्या. त्यानं अंघोळ केली, मी पोहे दिले, तो खायला बसला. मी समोर बसले.

"अहो, साखरप्याचं मशीन कसं चाललंय?"

"मस्त," तो म्हणाला. "परवाच फोन होता शेट्येंचा. म्हणतो आणखी एक बसवा, गिऱ्हाईक थांबून राहतंय."

बोलताना त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा. प्रेमानं पाहिलं. जराही अडखळला नाही. रोज रात्रीचा तोच चेहरा, तोच आवाज. आणि मी, दुसऱ्यांच्या हिशोबातलं खोटं शोधून काढणारी, त्या चेहऱ्यासमोर किती वर्षं जेवत होते.

"काल मी तिथंच होते," मी म्हणाले.

त्याचा चमचा बशीतच राहिला. "वीरश्रीनं नेलं तुला?"

"मी नेलं तिला."

मग तो भराभर बोलायला लागला. जोडणीचा अर्ज केलाय. मामांचे पैसे आले की महिन्याभरात सगळी उभी राहिली असती. सगळेच असं करतात, आधी दाखवावं लागतं, मग होतं. कुणाचं नुकसान होणार नव्हतं.

"काल एक म्हातारा माणूस ऑपरेशनला निघाला होता," मी म्हणाले. "तुझा तो हिरवा ठिपका बघून. त्याला काय दाखवलंस तू?"

'तू' कधी आलं ते मला कळलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा मी त्याला 'तू' म्हटलं होतं. त्यालाही ते ऐकू आलं.

"तिला खरं सांगितलंस," मी म्हणाले. "तिच्यासमोर रडलास. आणि मला ती पुस्तिका वाचून दाखवत होतास. रोज. मी कोण रे? तुझी गुंतवणूकदार?"

त्यानं बशी बाजूला सारली. मग म्हणाला, "ती ऐकते, पद्मजा. तू तपासतेस. मी घरात पाऊल टाकलं की तू माझ्या चेहऱ्यावरनं हात फिरवावा तशी नजर फिरवतेस. कुठं होतात, कुणाबरोबर होतात, रेंज का नव्हती. तुला एक खरं सांगितलं असतं की तू दहा प्रश्न विचारले असतेस, आणि दहाही वीरश्रीचे."

तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता, आणि म्हणूनच मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

"तरी सांगून बघायचं होतंस," मी म्हणाले. "एकदा."

बाहेर सासूबाईंच्या चपला वाजल्या. मी उठले. "मामांना आज सांगायचंय. तू सांगणार, का मी?"

तो म्हणाला, "मी सांगतो. तू बरोबर ये."

इचलकरंजीला मामांच्या घराच्या दोन्ही अंगांना यंत्रमाग आहेत, दिवसभर खडखडाट. त्यामुळं त्या घरात सगळे मोठ्यानं बोलतात. अभिनंदनलाही मोठ्यानं बोलावं लागलं. पाच चालू आहेत मामा, सहा नाहीत. नकाशा मी खोटा करून घेतला. ओरडून कबूल करणं किती कठीण असतं ते मी त्या दिवशी बघितलं. मामींनी आणलेला चहा तसाच राहिला.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या पाचांवर कुणाचे हात राबले?"

"वीरश्रीचे."

"आणि खोट्याला नको कोण म्हटलं?"

"तीच."

"मग माझ्याकडं तिला पाठवायची. तू कशाला आलास?"

पुढं झालं ते असं. मामांनी पैसे घातले, पण अर्धेच, आणि वीरश्रीला परत बोलावून तिच्या हाती कारभार देऊन. खोटे हिरवे ठिपके त्याच दिवशी नकाशावरून गेले. अभिनंदन कंपनीतून बाहेर पडला आणि आता जयसिंगपूरला एका कारखान्यात नोकरी करतो. साखरप्याला वीज यायला पुढं बराच काळ लागला, पण आली. पावसकरांचे वडील बरे होऊन घरी गेले. त्यांच्या मुलाचा फोन आला होता, फार काही बोलला नाही, तेवढं कळवलं. वीरश्रीचा आणि माझा आजही फारसा संबंध नाही. ती चांगली बाई आहे. मला ती आवडत नाही.

पण मला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त आठवतं ते मामांच्या घरातलं नाही. आम्ही बाहेर येऊन गाडीत बसलो तेव्हाचं. अभिनंदननं किल्ली फिरवलीच नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसला. बाजूला माग चालूच होते.

"एकदा मी पालीला गेलो होतो," तो म्हणाला. "एकटाच. त्या कट्ट्यावर बसलो होतो, पुढं काय करायचं असा विचार करत. तेवढ्यात एक जोडपं आलं, विजेच्या गाडीतनं. लहान मुलगी होती बरोबर. कट्टा बघून तो माणूस भडकला. मला म्हणाला, तुम्ही पण चार्जिंगलाच आलात का?"

"मग?"

"मी हो म्हणालो." त्यानं किल्ली काढून हातात घेतली. "म्हणालो, माझीपण गाडी अडकलीय. आणि त्याच्याबरोबर उभा राहून मी कंपनीला शिव्या घातल्या, पद्मजा. भरपूर घातल्या. ती मुलगी माझ्याकडं बघत होती. जाताना त्या बाईनं मला बिस्किटाचा पुडा दिला. म्हणाली, असू दे, तुम्हीपण उन्हात आहात."

त्याचे डोळे भरले होते. मी पहिल्यांदा बघत होते ते. नाक लाल होतं त्याचं, खालचा ओठ जरा बाहेर येतो. बारा वर्षं मला माहीत नव्हतं.

"हे तिला सांगितलंस?"

"कुणाला?"

"वीरश्रीला."

त्यानं मान हलवली. "नाही. कुणालाच नाही. हे कुणाला सांगण्यासारखं आहे का?"

आणि मला आनंद झाला. तो माणूस शेजारी मोडून बसला होता, त्याची कंपनी गेल्यात जमा होती, माझ्या माहेरी त्याची मान खाली गेली होती, आणि मला आनंद झाला. ही एक गोष्ट तिच्या आधी माझ्याकडं आली होती. मी डॅशबोर्डवरची पाण्याची बाटली उघडून त्याच्या हातात दिली. तो प्याला. मी त्याला पुढं एकही प्रश्न विचारला नाही.

"अजून सांग," मी म्हणाले.